माशाची फळी

"मा, परत तीच फळी?"

शर्मिष्ठाने बाजाराची पिशवी ओट्यावर आदळली. तिच्या सासूबाई, बीणापाणी, शांतपणे स्वतःपुरते दोडके चिरत होत्या. त्याच फळीवर सकाळी कटला माशाचे तुकडे झाले होते.

"अगं बाई, हो का? दिसलंच नाही बघ, बौमा."

दिसलं नाही म्हणे. गुडघ्यांमुळे सासूबाईंना विळीवर बसवेना, म्हणून शर्मिष्ठाने चंदननगरच्या बाजारातून दोन फळ्या आणल्या. एक घरच्यांच्या माशासाठी, दुसरी विधवा सासूच्या सोवळ्या भाजीसाठी. घोटाळा नको म्हणून माशाच्या फळीला लाल फीत बांधली. तरी घोटाळा झालाच. मग तिने नेलपॉलिशने फळीवर वीतभर मासा रंगवला, डोळ्यासकट. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला हा मासा दिसत नाही, याचं काय करावं माणसाने? शर्मिष्ठा अगदी मेटाकुटीला आली होती.

त्यात दारात पिशीमा येऊन उभ्या राहिल्या. या बीणापाणींच्या थोरल्या नणंद. त्याही विधवाच, पण सोवळं त्यांच्याइतकं कडक अख्ख्या गल्लीत कुणाचं नाही.

"विधवेच्या ताटात मासा कालवायचा चंग बांधलायस का, बौमा?"

"मी कशाला कालवू, पिशीमा? मी तर ती फळी लपवून ठेवली होती. खालच्या फडताळात, तांदळाच्या डब्यामागे."

"मग काय, चालत आली ओट्यावर?"

दोडके खरकट्यात गेले. पिशीमा पुटपुटत देवघरात शिरल्या आणि त्यांची घंटा नेहमीपेक्षा जोरात वाजू लागली. बीणापाणींनी दुसरी फळी पुढे ओढली, नवा दोडका घेतला.

माशाचा वास जावा म्हणून शर्मिष्ठाने मीठ आणि लिंबाची फोड घेऊन फळी घासायला सुरुवात केली. रागाने हात भराभर चालत होता. तो मध्येच थांबला.

खालचं फडताळ. तिथलं काही काढायचं तर जमिनीवर बसावं लागतं, आणि डबा सरकवावा लागतो तो वेगळाच.

तिने वळून पाहिलं. सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला गुडघ्यापाशी जमिनीवरची धूळ आणि तांदळाचे दोन दाणे चिकटले होते.

"मा," ती हळूच म्हणाली, "मासा खावासा वाटतो का? मी वाढते. पिशीमांना कळणारसुद्धा नाही."

"छे, भलतंच काय." बीणापाणींनी देवघराकडे पाहिलं. घंटा चालूच होती. मग सुनेच्या जवळ सरकून त्या म्हणाल्या,

"फक्त ते लिंबू नको लावत जाऊस गं. नुसती पाण्याखाली धरत जा."