दुसरा डबा

“दुसरा!” कानसेन खुर्चीत ताठ बसले. “डोळे झाकून सांगतो, दुसरा! पहिल्याचं नावच काढू नकोस. कुठल्या भंगारातून उचलून आणलास ग तो?”

लेक टेबलामागे उभी होती. टेबलावर चादर. चादरीखाली दोन कन्व्हर्टर आहेत, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा ऐकू येणारा आवाज करणारे दोन डबे, असं तिने सांगितलं होतं. ती बटण दाबायची, तेच गाणं पुन्हा लागायचं, आणि सरस कोणता ते वडिलांनी सांगायचं.

अख्खी गल्ली त्यांना कानसेन म्हणायची. उभा जन्म ध्वनिमुद्रणात गेलेला. त्यांना गंडवणं सोपं नव्हतं. जरा मोठ्याने वाजतो तो उगाच सरस वाटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून एक मधला सूर लावून, आवाज मोजायचं मीटर धरून, दोन्हींचा आवाज त्यांनी आधी सारखा करून घेतला होता.

“अग, चिप काय, बाजारात कुणालाही मिळते. खरी करामत तिच्या पुढच्या सर्किटमध्ये, आणि वीज किती स्वच्छ मिळते त्यात. दुसरा ज्याने बनवलाय ना, त्याला कान आहेत कान! गाणारी श्वास घेते तो ऐकलास? पियानोवाल्याची नखं वाजतायत पट्ट्यांवर! आणि पहिला? तोंडावर उशी धरून गायल्यासारखा.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत ऐकत होती. या घरात भांडण एकच होतं. कानाच्या डॉक्टरांनी दिलेलं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलं होतं. कानसेन त्याला शेंगदाणा म्हणायचे. “त्या शेंगदाण्यातला कन्व्हर्टर तो काय असणार? असला आवाज मी कानात घालू? माझे कान ठणठणीत आहेत. तुम्हीच पुटपुटता.”

पुटपुटणाऱ्यांत बायको होती, दाराची घंटा होती आणि नातही होती. नातीचा आवाज इतका बारीक की त्यांनीच लाडाने तिला पिपाणी म्हणायला सुरुवात केली. पूर्वी शाळेतून आली की ती आजोबांच्या खुर्चीच्या हातावर चढून दिवसभराचं सगळं ओकायची. पण दर वाक्याला ‘काय? काय?’ ऐकून पोर कंटाळली. आता सरळ आजीकडे जायची. कानसेनांना ते लागायचं, फार लागायचं. पण कबूल कोण करणार?

“नक्की ना, बाबा?” लेकीने विचारलं. “पुन्हा लावू?”

“हजारदा लाव!”

तिने उलटसुलट करून पुन्हा लावलं. कानसेन एकदाही चुकले नाहीत. दुसरा लागला की त्यांचा चेहरा उजळायचा.

“ठरलं,” त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. “यापुढे हा कानसेन ऐकेल तर दुसऱ्यातूनच ऐकेल. शब्द आहे माझा.”

“शब्द?” बायकोने दारातूनच ओरडून विचारलं.

“शब्द म्हणजे शब्द!”

लेकीने चादर ओढली. खाली एकच डबा होता. कानसेनांनी स्वतःच्या हाताने जुळवलेला, रोज फडक्याने पुसायचे तोच. शेजारी तिचा लॅपटॉप, आणि पडद्यावर कानाच्या डॉक्टरांनी काढलेला त्यांच्या ऐकण्याचा आलेख.

“कन्व्हर्टर एकच आहे, बाबा. तुमचाच. पहिल्याच्या वेळी गाणं जसंच्या तसं सोडत होते. दुसऱ्याच्या वेळी तुमच्या शेंगदाण्याचं सेटिंग लावून, म्हणजे तुम्हाला ऐकू न येणारे बारीक आवाज वाढवून.”

कानसेन आलेखाकडे बघत राहिले. बारीक आवाजांच्या बाजूला रेघ धाडकन खाली आली होती. असल्या रेघा वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एखाद्या यंत्राची अशी रेघ निघाली असती, तर त्यांनी ते त्याच दिवशी बाजूला काढलं असतं.

मग त्यांनी घसा खाकरला. “बघत काय बसलात? ड्रॉवर उघडा. शब्द दिलाय मी.”

यंत्र कानात बसलं. बाहेरच्या खोलीत नात बाहुलीला काहीतरी सांगत होती. कानसेनांनी मान वळवली. शब्द न् शब्द येत होता.

“पिपाणे!” त्यांनी हाक मारली आणि खुर्चीचा हात थोपटला. “ये इकडे. इतक्या दिवसांचं सगळं पुन्हा सांग. तेव्हा मी पहिल्या डब्यातून ऐकत होतो.”