पालथी पाटी

निवृत्तीनंतरही भिंगारच्या शाळेतली मुलं घरी येतात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली निकिता आज रडवेल्या चेहऱ्यानं आली. "बाई, हर्षल म्हणतो, प्रेम असेल तर तसला फोटो पाठव. नाही म्हटलं तर सोडून जाईल." हर्षलही माझाच विद्यार्थी. "तुला पाठवायचाय?" "नाही." "मग तसंच लिही." तिनं लिहिलं, पाठवलं आणि स्क्रीनकडे बघत बसली. मी विचारलं, "वर्गात उत्तर लिहिल्यावर काय करायचं?" "पाटी पालथी ठेवायची. पुन्हा खाडाखोड नाही." तिनं मोबाईल पालथा ठेवला. आम्ही शेंगा फोडत बसलो. टरफलांचा ढीग झाला, तेव्हा कुठे मोबाईल थरथरला. तिनं घाबरतच वाचलं आणि तो माझ्यापुढे धरला. 'चुकलं माझं. परत नाही मागणार. फक्त बाईंना सांगू नको.' "लिही," मी म्हणाले, "बाईंनी वाचलंय. शेंगा खायला बोलावलंय. येताना कान घेऊन ये."