खटक्याचा चाकू

चाकू आज पुन्हा जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता. शेजारी दोरीचा कापलेला तुकडा, आणि आबांचा पत्ता नाही. सुनेने आधी पातं पाहिलं, मग त्याच्या दिशेने हात उंचावून निघालेली आपली दीड वर्षाची लेक पाहिली. तिने झडप घालून लेकीला कडेवर उचललं.

"आता तरी पटलं?" नवरा टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. "आबा विसरायला लागलेत. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतो, रक्तदाब बघायचाय असं सांगितलंय त्यांना. आणि उद्यापासून कारखान्यात यायचं नाही, हेही आजच सांगून टाकतो."

"अरे, पण..."

"पण काय? उद्या तिथे कुणाचं बोट गेलं तर?"

तो आंघोळीला गेला. सून तिथेच उभी राहिली.

कारखाना ताडपत्र्या शिवायचा. आबांनी स्वतः उभा केलेला. सासूबाई गेल्या तेव्हाही तिसऱ्या दिवशी आबा तिथे जाऊन बसले होते, कारण घर खायला उठायचं. आता त्यांना घरी बसवायचं म्हणजे काय, हे तिला कळत होतं. पण नवऱ्याचं चुकतंय असंही म्हणता येईना.

पुरावे तर ढीगभर होते. आबा हल्ली शर्टाची बटणं लावायची विसरत. बरणीचं झाकण नुसतंच टेकवून ठेवत. नाडीचे बूट घरी राहत आणि आबा चपला घालून बाहेर पडत. परवा पँट मांडीवर कापली गेली होती, ती कशी हे त्यांना आठवत नव्हतं. वर पुन्हा एक हात खिशात घालून रुबाबात फिरणं सुरू झालं होतं. म्हातारपणी ऐट सुचतेय, असं नवरा म्हणायचा.

पण याच आबांना नातीच्या औषधाची वेळ तोंडपाठ होती. कुठल्या गिऱ्हाइकाने कसली ताडपत्री नेली आणि ती कुठल्या कोपऱ्यात गळली, हे ते झोपेतही सांगतील. विसरायचंच तर माणूस इतकं निवडून निवडून कसं विसरतो? तिचं डोकं चालेना. आणि विसरून विसरलं काय, तर चाकू! उघडं पातं टाकून उठणाऱ्याला या माणसाने जन्मभर फैलावर घेतलं होतं. कारखान्यात "पातं मिटलंस का?" हे ते "जेवलास का?" इतक्या सहज विचारत.

हा चाकू नवऱ्यानेच आणलेला. आबांच्या जुन्या चाकूला खटका नव्हता. जाड दोर कापताना तो उलटा मिटला आणि बोट थोडक्यात वाचलं. मग हा आला. आंगठ्याने ढकललं की पातं उघडतं, मुठीच्या पाठीवरचा खटका बसतो, आणि तो दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. नवऱ्याने त्याचे गुण गाऊन गाऊन दाखवले. आबांनी चाकू उजव्या हातात उलटापालटा केला.

"झकास आहे," ते म्हणाले. "पण मिटायला खटपट फार. जुना बरा होता, गुडघ्यावर दाबला की मिटायचा."

"त्यानेच तर बोट जात होतं," म्हणत नवऱ्याने जुना फेकून दिला. म्हाताऱ्या माणसांना नवं काही रुचत नाही, असं म्हणून सगळे हसले होते. तीही हसली होती.

कडेवरची लेक आता चाकूकडे झेपावत होती. तिला डाव्या हाताने घट्ट धरून सुनेने चाकू उजव्या हाताने उचलला. आंगठ्याने खटका दाबला. पातं तसंच. बोटाने ओढावं तर बोट धारेच्या वाटेत. टेबलाच्या कडेला टेकवून ढकलावं तर मूठ निसटते, मूठ आवळावी तर आंगठा खटक्यावरून सुटतो. शेवटी तिने पात्याची पाठ मांडीवर टेकवून जोर दिला. मूठ फिरली आणि टोक गाऊनमध्ये घुसलं. पायाला लागलं नाही, पण मांडीवर कापडाला चीर पडली.

ती त्या चिरेकडे बघत राहिली. मग बटणं. झाकण. नाड्या. आणि खिशातला हात.

आबा गॅलरीतून आत आले. उजव्या हातात चहाचा कप, डावा खिशात. टेबल पाहून नेहमीसारखं ओशाळवाणं हसले.

"राहिला का पुन्हा? विसरलोच बघ."

तिने चाकू फडताळावर ठेवला आणि लेकीला पुढे केलं. "आबा, हिला घ्या जरा."

आबांनी कप खाली ठेवला. उजवा हात पुढे केला. नात झेपावली, पण सुनेने तिला सोडलं नाही.

"दोन्ही हातांनी घ्या ना, आबा."

आबा हलले नाहीत. तिने त्यांच्या खिशाकडे पाहिलं.

"कधीपासून?"

त्यांनी बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. आत पाणी पडत होतं, नवरा कसलंसं गाणं गुणगुणत होता. आबांनी उजव्या हाताने डावा हात खिशातून उचलून बाहेर काढला. बोटं लुळी लोंबत होती.

"झाला महिना," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्याला बोलू नकोस हं, सूनबाई. एका हाताच्या कारागिराला घरी बसवतात. विसरभोळ्याला कुणी बसवत नाही."