लोखंडी कपाटामागे

“फ्रीजच्या मागे चला,” कुलूपवाला म्हणाला.

“फ्रीजच्या मागे भिंत आहे,” त्याची बायको म्हणाली.

दाराबाहेर कोणीतरी दहा मिनिटांपासून कुलपाशी झटत होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. ही काय चोरी करायची वेळ, असं सासूबाईंचं मत पडलं. त्यांच्या हातात आइस्क्रीमचा डबा होता आणि तो ठेवायला त्या तयार नव्हत्या.

“सोफ्यामागे बसू या,” बायको म्हणाली.

“सोफ्यात कापूस असतो. कापसाने काय अडतं? आडोसा म्हणजे नुसतं दिसेनासं होणं नव्हे. मध्ये काहीतरी दणकट पाहिजे.”

कुलूपवाल्यांच्या संघटनेने ‘घरात चोर शिरल्यास’ या विषयावर शिबिर घेतलं होतं. तो दोन्ही दिवस बसला होता. जेवण चांगलं होतं.

“मग दणकट काय आहे ते सांग ना एकदाचं!”

दणकट एकच होतं. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट. दोघांनी ते ओढलं तर हलेना. बायकोने दार उघडून पाहिलं. आत शर्ट, साड्या, रजया आणि घड्या घातलेल्या बनियनी ठासून भरलेल्या.

“सामानासकट घर म्हणजे बनियनीसकट?” ती म्हणाली. “माणसाने भाड्याने देताना कपाट तरी रिकामं करावं!”

“मालक परदेशात आहे. घाईत गेला असेल.”

“आइस्क्रीम ठेवलंय की पण,” सासूबाई म्हणाल्या. “मनाने चांगला आहे.”

तीन वर्षं घर शोधून बायको कंटाळली होती. हे मिळालं ते दलालाच्या फोनवर, न बघता. आणि आज सकाळपासून सगळं असंच चाललं होतं. लिफ्ट बंद. जिन्यात ओला रंग, रंगाऱ्यांनी दारांवरच्या पाट्यासुद्धा उतरवून ठेवलेल्या. नवरा हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन मजले मोजत पुढे, सासूबाई प्रत्येक वळणावर बसून जावयाच्या निवडीबद्दल बोलत मागे. रंग तिच्या नव्या ड्रेसला लागला होता. नवऱ्याच्या मोजणीने पाचवा मजला आला, तर दलालाने दिलेली किल्ली लागेना.

तेव्हा मात्र नवरा खूश झाला होता. सात मिनिटांत त्याने जुनं कुलूप दारातून उतरवलं आणि दुकानातलं सर्वांत महागडं नवं बसवलं. समोरच्या दारातून एक आजोबा हे सगळं पाहत होते. त्याने त्यांना हात केला. त्यांनी दार लावून घेतलं.

“शेजार तुसडा आहे,” बायको तेव्हाच म्हणाली होती.

आता कपाट वीतभर तिरकं झालं आणि तिघं मागे शिरले. कुलूपवाला मध्ये अडकला. बाहेर पुन्हा खडखड झाली.

“किल्ली लावतोय,” तो कान देऊन म्हणाला. “एकच किल्ली! मघापासून तीच! अरे, नाही लागत तर दुसरी काढ. हा काय चोर आहे?”

“तू त्याला शिकवायला जातोस का?”

“मला बघवत नाही गं.”

“तुला दिसतंय कुठे?”

“जावईबापू, कोपर,” सासूबाई म्हणाल्या. “आइस्क्रीममध्ये गेलं तुमचं.”

बायकोने पोलिसांना फोन लावला. “आमच्या घरात चोर शिरतोय,” ती कुजबुजली. “नदीकडची दुसरी इमारत...”

“तिथूनच आत्ता फोन आलाय, बाई. समोरच्या आजोबांचा. गाडी खाली पोचलीसुद्धा.”

“बघ,” ती नवऱ्याला म्हणाली, “आजोबा बिचारे चांगले निघाले.” मग फोनमध्ये, “चोर एकच आहे ना पण?”

“तिघं आहेत असं कळवलंय. हलू नका. दणकट आडोसा धरून बसा.”

तिने फोन ठेवला. पहिल्यांदाच तिने नवऱ्याचा हात धरला.

“तिघं आहेत,” ती म्हणाली.

“तिघं?” कुलूपवाल्याला राहवेना. “तिघं मिळून एक कुलूप उघडेना? शी!”

“आपलं काही बरंवाईट झालं ना, तर ते या कुलपाच्या कौतुकामुळे होईल.”

“ते कुलूप आहे म्हणून आपण अजून जिवंत आहोत!”

तेवढ्यात दारावर पहारीचा घाव बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला लाकूड फाटल्याचा आवाज आला. कुलूपवाल्याने डोळे मिटले.

“दार गेलं,” तो हळूच म्हणाला. “कुलूप शाबूत आहे. लक्षात ठेव.”

बूट वाजले. हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत आले. सासूबाईंनी चमचा सुरीसारखा धरला.

“पोलीस!” कोणीतरी ओरडलं. “कपाटामागे कोण आहे? बाहेर या!”

“आले बाई एकदाचे!” सासूबाई म्हणाल्या. बायको आधी निसटली, मग सासूबाई, आणि मग दोघींनी ओढून कुलूपवाल्याला काढलं. त्याच्या कोपराला आइस्क्रीम होतं.

“उशीर केलात,” बायको म्हणाली. एवढा वेळ दाबून धरलेला सगळा वैताग तिच्या आवाजात होता. “पकडलंत का त्यांना?”

हवालदाराने तिघांना मोजलं. मग तो बाजूला झाला. मागे एक मिशीवाला उभा होता, हातात एकच किल्ली धरून. हॉलमधल्या फोटोत तो हसत होता. इथे हसत नव्हता.

“मालक!” कुलूपवाल्याला हायसं वाटलं. “पण तुम्ही तर परदेशात असता ना?”

मिशीवाल्याने आपल्या कपाटाकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या हातातल्या डब्याकडे.

“परदेशात असतात ते पाचव्या मजल्यावरचे,” तो म्हणाला. “हा चौथा.”