एकच टेबल

टेबल पहिल्यांदा ताईंनाच दिसलं. ओसाड किनाऱ्यावर, भर सकाळी, पाय वाळूत रुतवून एकटंच उभं. टेबलावर स्टोव्ह, स्टोव्हवर किटली आणि किटलीमागे हाताची घडी घालून त्यांचे दीर.

"थंडोबा तो थंडोबाच!" ताई पुटपुटल्या आणि चपला हातात घेऊन तरातरा निघाल्या. मागोमाग समितीच्या बायका.

हे नाव ताईंनीच पाडलेलं, लग्न होऊन आल्या त्याच वर्षी. हा माणूस बोलायला तोंड उघडेपर्यंत समोरच्याचं जेवून हात धुऊन व्हायचं. नवरा गेल्यावर किनाऱ्यावरची खानावळ ताईंनी एकटीने ओढली, आणि हा बाजूला टेबल टाकून चहा विकत बसला. असून अडचण, नसून खोळंबा.

आज सरकारी साहेब पाहणीला येणार होते. पाहणीनंतर किनाऱ्याच्या पर्यटनाचा आराखडा पक्का होणार होता. एका कंपनीला सगळ्या किनाऱ्याला कुंपण घालून मोठं हॉटेल बांधायचं होतं. ताई ज्या समितीच्या अध्यक्ष होत्या तिचं मागणं साधं होतं. किनारा सगळ्यांना खुला ठेवा. स्वच्छतागृहं बांधा. बुडणाऱ्याला वाचवायला माणसं नेमा. आणि ज्यांनी इथे वीस वर्षं पाहुण्यांना जेवू घातलं, त्यांना पक्के गाळे द्या.

बंदची कल्पना वकीलसाहेबांची. ते शहरातून आपणहून आले होते आणि एक पैसाही घेत नव्हते. "मोसमभर एकही टपरी लावू नका," त्यांनी पहिल्याच सभेत सांगितलं होतं. "किनारा ओस पडला की सरकारला तुमची किंमत कळेल. पण एकी हवी. पाहणीच्या दिवशी एकाने जरी दुकान मांडलं, तरी मुसळ केरात." बोलता बोलता ते बुटांवरची वाळू रुमालाने झटकत. ताईंना त्याचंही कौतुक. माणूस कसा नीटनेटका! नाहीतर आपल्या घरातलं हे ध्यान.

मोसमभर खानावळीची चूल पेटली नाही. ताईंनी गळ्यातली साखळी मोडली, पण टपरी उघडली नाही. जे कुरकुरले त्यांची तोंडंही त्यांनीच बंद केली. आता शेवटचा दिवस, आणि नेमकं घरच्याच माणसाने नाक कापायला घेतलं होतं.

"भावोजी, उचला हे."

"एकच टेबल आहे, वहिनी. साहेब येऊन जाईपर्यंत राहू द्या."

"साहेबाला चहा विकायचाय? सगळे पोटाला चिमटा काढून बसलेत, आणि तुम्हाला गिऱ्हाईक दिसतंय?"

"विकायला नाही..."

"मग काय फुकट पाजणार? बघा गं, केवढे दानशूर!"

बायका फिदीफिदी हसल्या. थंडोबाने किटलीचं झाकण नीट बसवलं.

"रिकामी खुर्ची दिसली की कोणीही येऊन बसतं. म्हणून म्हटलं, आपलं एक माणूस तरी..."

"खुर्चीचं काय मध्येच? वकीलसाहेब कायदा शिकलेत. तुम्ही काय शिकलात? चहा गाळायला!"

"कायदा नाही कळत मला. पण त्यांना एकदा विचारा तरी, की..."

"त्यांना मी विचारू? तुमच्यासारख्याच्या सांगण्यावरून?" ताईंचा आवाज चढला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! कंपनीने किती चारले, तेवढं सांगा."

हे मात्र त्याला लागलं. त्याने खाली बघितलं आणि टेबलाच्या फळीवरून तळवा फिरवला. "हे दादाचं टेबल आहे, वहिनी. खानावळ यावरच सुरू झाली होती."

ताई क्षणभर घुटमळल्या. फळीच्या कोपऱ्यावरचा सुरीचा चरा त्यांच्या ओळखीचा होता. तेवढ्यात वर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. साहेब आले होते. एवढ्याशा टेबलापायी सगळ्यांच्या तोंडचा घास जाणार, या विचाराने त्यांचं डोकं सणकलं.

त्यांनी पदराने कडी धरून किटली उचलली आणि वाळूत उपडी केली. स्टोव्ह विझवला. चार बायकांनी टेबल उचलून खडकांमागे नेऊन टाकलं. थंडोबा विरोध न करता बाजूला झाला. त्याच्याकडून दुसरं काय होणार? ताईंनी चहाच्या ओल्या डागावर पायाने वाळू लोटली आणि मान ताठ करून उभ्या राहिल्या.

साहेब हातातली फाइल सांभाळत वाळूतून आले. मागून वकीलसाहेब, बूट जपत. साहेबांनी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"इथे कोणाचाच धंदा नाही?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मोसमभर नव्हता?"

"एक दिवससुद्धा नाही. आमची एकी आहे, साहेब."

 साहेबांनी ताईंकडे निरखून पाहिलं. "बाई, नीट आठवून सांगा. एखादी टपरी? निदान एखादं टेबल?"

ताईंनी दिराकडे एक तुच्छ कटाक्ष टाकला. तो त्यांच्याचकडे बघत होता, आणि त्याने नकळत एक पाऊल पुढे टाकलं होतं. पण तो बोलणार कधी? त्याच्याआधी ताईंचाच आवाज खणखणला.

"एकही नाही!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वकीलसाहेबांनीही टाळ्या वाजवल्या. साहेबांनी फाइल मिटली आणि ते वकीलसाहेबांकडे वळले.

"चला वकीलसाहेब, तुमच्या कंपनीला कळवून टाका. इथे हक्क सांगणारं कोणी नाही. उद्यापासून कुंपण घाला."