हडळीचं हसू

बारावीची परीक्षा संपली आणि जळगावच्या मेळ्यातल्या भूतबंगल्यात मी हडळ झाले. मे महिना, पत्र्याची खोली, डोक्यावर केसांचा टोप. दुपारपासूनचा अकरावा खेळ, किंचाळून घसा बसलेला. कूलर एकच, तोही समोरच्या सांगाड्याच्या कोपऱ्यात. सांगाडा म्हणजे माझ्याच वर्गातला मुलगा. दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. लोक आत शिरले आणि मला अचानक गार वारा लागला. त्याने पायाने कूलर माझ्याकडे वळवला होता. थोड्या वेळात घामाने बेजार होऊन त्याने मुखवटाच काढला. आत घामोळ्यांच्या पावडरीने पांढरंफटक, मुखवट्यापेक्षा भयंकर तोंड! मला खदाखदा हसू फुटलं. बसक्या घशातलं ते हसू ऐकून लोक चपला टाकून पळाले. मालक धावत आले. “पोरी, असं रोज का नाही जमत?” “भाऊ, कूलर दोघांच्या मधोमध ठेवा. रोज जमेल.”