सुटलेला कॅच

छक्का टाइल्सवाल्यानं नेला. चौका बियाण्याच्या दुकानानं. विकेट दातांच्या डॉक्टरनं घेतली. स्टंप उडाला की माइकवरून त्याच्या दवाखान्याचं नाव निघणार. पाणी प्यायच्या सुट्टीवरही कॅनवाला आपलं नाव टाकून मोकळा झाला.

सौंसरच्या मंगल कार्यालयात संत्रा लीगचा खेळ तुकड्या-तुकड्यानं विकणं चाललं होतं. सहा मालक, सहा टीमा. मालकांच्या फीमधून मैदान, पंच आणि बॉल कसेबसे निघायचे. मांडव, माइक, जेवण, कप सगळं जाहिरातीवर. हे आटोपलं की मग खेळाडूंचा लिलाव.

मागच्या रांगेत कुसुमआजी लोणच्याच्या बरण्या पायाशी घेऊन बसली होती. एक बरणी तिनं चवीला म्हणून पुढं सोडून दिली होती, ती हातोहात फिरत होती. शेजारी नातू रोशन, टोपी नाकापर्यंत ओढून. आज लिलावात त्याचंही नाव होतं. मागच्या फायनलला शेवटच्या बॉलवर त्याच्या हातून कॅच सुटला, टीम हरली, आणि तेव्हापासून बोरगावात त्याला कोणी रोशन म्हणत नव्हतं. चाळणी म्हणत. यंदा कोणी घेतलं नाही तर बॅट चुलीत घालतो, असं तो सकाळीच बोलून बसला होता.

"झालं न समदं?" कमिटीचे अध्यक्ष रघुनाथराव माइकवर म्हणाले. "कोनाले काही घ्याचं राह्यलं असन तं बोला."

"सुटलेला कॅच कोनाले देला?" कुसुमआजीनं बसल्या जागेवरून विचारलं.

सगळ्या माना मागं वळल्या.

"आजी, तो कोन घेईन? त्याच्यावर नाव टाकून कोनाची इज्जत वाढते?"

"म्हंजे रिकामाच हाये. मंग द्या मले."

रोशननं तिचा पदर ओढला. "आजी, चूप बस न. आधीच लोकं हासून राहिले."

"फुकटात हासून राहिले. आता लोनचं खाऊन हासतीन."

रघुनाथरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "देसान काय?"

"कप उचलेपर्यंत साही टीमायच्या जेवनात आमच्या बचत गटाचं निंबाचं लोनचं. कमी पडलं तं मले पकडा. पन एक अट हाये. कॅच सुटला रे सुटला, का माइकवाल्यानं म्हनाचं, 'जाऊ द्या बाप्पा, सुटला तं सुटला, बोटं चाटा! कुसुमआजीचं लोनचं!' कोनाचाबी सुटो. तुमच्या सगळ्यात महागड्या खेळाडूचा सुटला तरीबी हेच."

"घाट्यात जासान, आजी," पांढुर्ण्याच्या टीमचा मालक गुणवंता पुढून ओरडला. त्याची कापसाची जिनिंग होती, नफा-तोटा त्याला बसल्या-बसल्या कळायचा. "कॅच सुटते किती?"

"मांडवात बसून पाह्यतो न मी तुमचं क्रिकेट. छक्क्याहून जास्त सुटतेत. लुटलं तं त्या टाइल्सवाल्याले तुम्ही."

टाइल्सवालासुद्धा हसला. पण गुणवंता सोडणारा नव्हता.

"अन् तुमच्या नातवाचा सुटला, तो?"

माना पुन्हा मागं वळल्या. रोशन खुर्चीवरून अर्धा उठला होता, नजर दाराकडं.

"त्याची गोष्टच अलग हाये," कुसुमआजी बरणीचं झाकण पुसत म्हणाली. "तो बॉल एवढा वर गेला, का जामसांवलीच्या मारुतीच्या झेंड्याले इचारून आला, 'बाप्पा, कोन्या गावात उतरू?' तिकडं पांढुर्ण्याले पॅसेंजर आली, लोकायनं चहा पेला, गाडी सुटली, अन् बॉल वरच! खाली आला तं दवानं ओलाचिंब. ओला बॉल कोनाच्या हातात राह्यते? पाहा न, ह्याच पदरानं पुसला मी तो." आणि तिनं पदर पुढं करून दाखवला. त्यावर हळदीचा डाग होता.

हॉलभर हशा पिकला. रोशनही तोंड फिरवून हसला आणि हसता-हसता खाली बसला.

"लिहा," रघुनाथराव डोळे पुसत म्हणाले. "सुटलेला कॅच, कुसुमआजी."

मग लिलाव सुरू झाला. लिलाव पैशाचा नव्हता, पॉइंटाचा. सगळ्या मालकांना सारखे पॉइंट, त्यात आपापली टीम बसवायची. महागडे खेळाडू आधी गेले. पॉइंट आटत आले. तेव्हा रघुनाथरावांनी चिठ्ठी उघडली.

"रोशन, बोरगाव. बॅट्समन. बेस पॉइंट शंभर."

कोणी हात वर केला नाही. गुणवंता मोबाइल पाहत राहिला.

"शंभर, एक..."

कुसुमआजी दुसऱ्या बरणीचं झाकण पुसायला लागली. पहिल्याहून जोरात.

"शंभर, दोन..."

"घेतला," डेअरीवाल्या स्मिताताई म्हणाल्या. सहा मालकांत त्या एकट्याच बाई. चवीची बरणी तेव्हा त्यांच्याच पुढ्यात होती.

"ताई, चाळणी घेऊन राहिल्या तुम्ही!" गुणवंता म्हणाला.

"त्याचा सुटला तं माइकवर काय बोलाचं ते ठरलंच हाये. तुमच्यावाल्याचा सुटला तरी तेच बोलतीन. मंग फरक काय राह्यला?" ताईंनी बोट चाटलं. "अन् बॅटिंग पाह्यली मी त्याची."

रघुनाथरावांनी हातोडी आपटली.

रोशन पुढं जाऊन टीमची नवीन टोपी घेऊन आला. आजीजवळ बसला. टोपी नुसती हातात फिरवत राहिला.

"हे पाह्य पोट्ट्या," कुसुमआजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आता समदेच कॅच पकडू नोको. माह्यी जाहिरात बुडन."